डबल स्टँडवरची गाडी

यशराजच्या गाडीला रोज सकाळी किक बसायची आणि ती गाडी कुठंही जायची नाही.

फलटणच्या पुढं, कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या त्या गावात ही गोष्ट पोराटोरांनाही माहीत होती. नवीन पाहुण्याला तेवढं नवल वाटायचं. उजाडलं की संयोगिता अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये यायची, लाल मोटरसायकलवरची चादर काढायची, पेट्रोलचा कॉक उघडायची, चोक ओढायची आणि किक मारायची. गाडी डबल स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. आत सासूबाई, रंगूबाई, गॅसवर चहाचं आधण ठेवायच्या. चहाला उकळी येईस्तोवर इंजिन चालू ठेवायचं. उकळी आली की रंगूबाई आतून "बास गं" म्हणायच्या, मग चावी फिरवायची, चादर परत गाडीवर घालायची आणि त्यानंतर सगळ्यांनी चहा घ्यायचा. पाऊस असो, ताप असो, घरात सुतक असो, ह्यात बदल नाही.

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ. संयोगिता लग्न होऊन आली तेव्हा तीही हेच म्हणाली होती, अर्थात मनातल्या मनात. पण खुळाला कारण होतं आणि ते ऐकलं की हसणाऱ्याचं तोंड आपोआप मिटायचं.

यशराज घरातला एकुलता एक. त्याचे वडील लालासाहेब फौजेतून रिटायर झालेले, आणि त्यांच्यामागं हाही फौजेत. त्या पट्ट्यात घरटी एक तरी फौजी असतोच. भरती झाल्यावर पहिल्या सुट्टीत यशराजनं ही गाडी घेतली, सुट्टीभर गावातनं उडवली आणि शेडमध्ये लावून परत गेला. त्या हिवाळ्यात तिकडं वर बर्फाचा कडा कोसळला. इकडं गाडी महिनोन्‌महिने उभी होती. शेजारच्या केरबाला फलटणला जायचं होतं म्हणून तो मागायला आला, किका मारून मारून घामाघूम झाला, पण गाडी हूं की चूं करेना. आणि त्याच दुपारी युनिटमधून फोन आला. यशराज बर्फाखाली सापडला होता, बाहेर काढला होता, शुद्धीवर नव्हता.

रंगूबाईंनी फोन खाली ठेवला, तशाच शेडमध्ये गेल्या, नऊवारीचा काचा आवळला आणि किक मारायला लागल्या. बाईनं जन्मात गाडीला हात लावला नव्हता. कोणी सांगायला गेलं की अंगावर यायच्या. किती वेळ मारत होत्या कोण जाणे, पण दिवस मावळायच्या सुमाराला गाडी चालू झाली, आणि दुसऱ्या दिवशी फोन आला की पोरगं डोळं उघडून बोलायला लागलंय. झालं. गाडी चालू तर पोरगं धड, हे रंगूबाईंच्या काळजात जे बसलं ते बसलंच.

तेव्हापासून किक घरच्या बाईनंच मारायची. लालासाहेबांना कोणी विचारलं तर ते म्हणायचे, "आपुन पायदळाचा माणूस. मला गाडीतलं काय कळतंय?" आणि पेपर तोंडासमोर धरायचे. गाडी चालवायची मात्र नाही. पोराच्या गाडीवर दुसरं कोणी बसलं तर त्याची जागाच कोणी घेतली असं रंगूबाईंना वाटायचं. यशराज सुट्टीवर आला की चार दिवस चाकं फिरायची, मग परत डबल स्टँड. पुढं रंगूबाईंचे गुडघे गेले, आणि संयोगिताच्या अंगाची हळद उतरायच्या आत किक तिच्याकडं आली.

ती माधवनगरची. तिच्या माहेराहून इथं यायला अर्धा दिवस जातो. सासरी तिला कोणी वाईट बोललं नाही, कोणी उपाशी ठेवलं नाही, दाराला कधी कडी घातली नाही. हेच तर दुखणं होतं. कडी असती तर वाजवता आली असती. माहेरी जायचं म्हटलं की रंगूबाई स्वतः पिशवीत शेंगा, गूळ भरून द्यायच्या, आणि वर म्हणायच्या, "उद्या सकाळच्या आत ये म्हंजे झालं." सकाळी किक मारून एसटी धरायची, दुपारी आईच्या दारात टेकायचं, आईनं ताट वाढेस्तोवर परतीची वेळ. भावाच्या लग्नात ती हळदीला नव्हती. अक्षता पडताना पोचली आणि पंगत उठायच्या आत निघाली. भाऊ अजून त्यावरून फुगून आहे.

लग्नाआधी संयोगितानं नर्सिंगचा कोर्स केला होता. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तिचं नाव लागलं. पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स म्हणून नेमणूक, महिनाअखेरीपर्यंत हजर व्हायचं, नाहीतर पुढच्या नावाला संधी. मोबाईलवर ते वाचलं आणि तिला वाटलं आपण जागच्या जागी उडी मारू. इतक्या दिवसांत तिला असं काही वाटलंच नव्हतं.

"जा की," रंगूबाई म्हणाल्या. "शिकल्याली पोर, घरात बसून काय करणार? आमी का तुला न्हाई म्हणतोय?"

संयोगिताचा जीव भांड्यात पडला.

"फकस्त गाडीचं काय करायचं, त्येवढं सांग."

जीव भांड्यातून परत बाहेर आला. किक मारायला एखादी बाई लावू का, असं तिनं विचारून बघितलं. रंगूबाईंनी तिच्याकडं असं बघितलं, जसं काही तिनं कुंकू लावायला बाई ठेवू का म्हणून विचारलं होतं. यशराजचा फोन आला तेव्हा तिनं त्याला सांगितलं. तो गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "आईचं मन राख की गं थोडं. मी आलो की बघू."

"तुमी कवा येणार?"

"छुट्टी मंजूर झाली की."

म्हणजे नेमणुकीचा दिवस उलटून गेल्यावर. तिला इतका संताप आला की फोन ठेवून तिनं शेडमध्ये जाऊन गाडीच्या सीटवर एक फटका मारला. लागलं तिच्याच हाताला.

आणि नेमकी त्याच आठवड्यात एका सकाळी गाडी चालू झाली नाही.

किक, किक, किक. एरवी दोन-तीन किकांत धरणारं इंजिन नुसतं खोकलं आणि गप झालं. आत चहा उकळला, उतू गेला, गॅस विझला. रंगूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला संयोगितानं बघितला आणि ती आणखी जोरानं किक मारायला लागली. लालासाहेबांनी यशराजला फोन लावला. लागला नाही.

"रेंज नसंल. रोजचंच हाय," लालासाहेब म्हणाले. पण पेपर त्यांनी उलटा धरला होता.

रंगूबाईंनी चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. दहाच्या सुमाराला केरबा फलटणहून मेकॅनिकला घेऊन आला. सूरज त्याचं नाव, चांगला हुशार पोरगा, येताना टेंपोच आणला होता. त्यानं बाहेरूनच गाडी बघितली आणि म्हणाला, "ग्यारेजला न्यावी लागंल. चौघं जण या, उचलून टेंपोत घालू."

"चौघांनी उचलून माझ्या दारातनं काय बी जायचं न्हाई," रंगूबाई म्हणाल्या.

सूरजला क्षणभर कळलं नाही. केरबाला कळलं, त्यानं मान खाली घातली.

"बरं, मग हितंच खोलतो की, काकू."

"परक्याचा हात लागायचा न्हाई तिला."

सूरज कपाळाला हात लावून टेंपोकडं निघाला. संयोगिता त्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. त्यानं टेंपोच्या सीटखालून एक प्लगपाना काढून तिच्या हातात दिला. "वैनी, आधी प्लग काढून बघा. ओला असंल तर पुसा, काळा असंल तर घासा. मोबाईलवर इडिओ असत्यात ढिगानं." यशराजला विचारता आलं असतं, त्याला सगळं येत होतं. पण फौजीच्या घरात एक गोष्ट शिकवावी लागत नाही. इथली अडचण तिकडं सांगायची नाही. तिकडं त्याच्या हातात बंदूक असते, त्याचं ध्यान हलता कामा नये.

मग संयोगितानं पदर खोचला. जुनी चादर जमिनीवर अंथरली, स्टीलचं ताट घेतलं, मोबाईल विटेला टेकवून ठेवला. प्लगवरची टोपी उपसली, पाना बसवला, जोर लावला. प्लग गरगर फिरत बाहेर आला तो तव्याच्या बुडासारखा काळा आणि पेट्रोलनं निथळणारा. तिनं तो फडक्यानं पुसला, पॉलिश पेपरनं टोक घासलं, टोपीत बसवून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि हळूच किक मारली. टोकाशी निळी ठिणगी उडाली. हे तिनं पहिल्यांदाच बघितलं होतं. तिला हसू आलं. घरात सगळ्यांचे जीव टांगणीला लागलेले, नवऱ्याचा फोन लागत नाही, आणि ही बया शेडमध्ये बसून ठिणगी बघून हसतेय. पण खरं सांगायचं तर त्या घरात इतक्या दिवसांत तिनं स्वतःच्या अकलेनं केलेली ती पहिली गोष्ट होती, आणि तिला ती मनापासून आवडली.

प्लग बसवला. किक मारली. गाडी चालू झाली.

रंगूबाई दारातच मटकन बसल्या. दुपारी यशराजचा फोन आला, रेंज नव्हती म्हणाला. मग रंगूबाईंनी सकाळचा चहा दुपारी घेतला आणि सुनेला जवळ बसवून तिच्या काळ्या हातांवरून हात फिरवला. "तू हायस म्हणून हाय गं सगळं," त्या म्हणाल्या. "आता तुला मी कुठं सोडायची न्हाई."

प्रेमानंच म्हणाल्या. संयोगिताला मात्र गळ्यापर्यंत पाणी आल्यासारखं झालं. आतापर्यंत किक मारणारी सून होती, आता गाडी दुरुस्त करणारी झाली. किक मारणारी दुसरी मिळाली असती. दुरुस्त करणारी कुठून आणायची? आपण आपल्याच हातानं आपला पाय आणखी खोलात घातला, हे तिला कळलं, आणि त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही.

दोन दिवसांनी गाडी परत अडली. प्लग परत ओला, परत काळा. पुसला, चालू झाली. परत अडली. चोक बंद करून बघितला, कार्बोरेटरची वाटी खोलून धुतली, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. दोन दिवस बरं चालायचं, तिसऱ्या दिवशी तेच. रोज सकाळी रंगूबाई दारात, लालासाहेब उलट्या पेपरामागं आणि ही शेडमध्ये. महिनाअखेर जवळ येत चालली होती. तिला स्वप्नातसुद्धा किका मारल्याचा आवाज यायला लागला.

शेवटी तिनं ऑइल बदलायचं ठरवलं. इंजिनाच्या पोटाखालचा बोल्ट सैल केला, खाली परात धरली. बाहेर आलं ते ऑइल नव्हतंच. ते पांढुरकं, घट्ट, सायीसारखं काहीतरी होतं. तिला शिसारी आली. मग सायलेन्सर सोडवून उभा केला, तर त्यातून तांब्याभर काळं पाणी भळकन चादरीवर सांडलं. इंजिनात पाणी? गाडी तर शेडमध्ये, पाऊस लागत नाही, कोणी धुवत नाही. ती हात घाण असतानाच विचार करत बसली, कारण हात धुवून विचार करायला तिला धीर नव्हता.

आतून रंगूबाईंनी जेवायला हाक मारली. संयोगितानं हात धुतले, डबा समोर ओढला. सकाळची घाईची भाकरी गरम गरमच त्यात झाकली होती. झाकण उघडलं तर आतून थेंब ओघळले, खालची भाकरी लिबलिबीत झालेली.

तिचा हात झाकणावरच राहिला.

गरम भाकरी कोंडली की तिला पाणी सुटतं. रोज सकाळी इंजिन चालू करायचं, जरासं तापवायचं आणि तापतंय न तापतंय तोच बंद करून चादरीखाली झाकायचं. आतली वाफ जाणार कुठं? तिचं पाणी होणार. ते ऑइलात मिसळणार, सायलेन्सरमध्ये साचणार. चोक ओढून जाळलेलं कच्चं पेट्रोल प्लगवर काजळी धरणार. ही गाडी उभी राहून बिघडली नव्हती. रोज चालू करून बिघडली होती. तिनं सूरजला फोन करून विचारलं तर तो म्हणाला, "आवं वैनी, मग दुसरं काय? इंजिनाला पळवायलाच लागतंय. कडक तापलं की पाणी उडून जातंय. आठवड्यातनं दोनदा अर्धा-अर्धा तास फिरवली तरी बास."

तिनं तो विचार दुपारभर तोंडातल्या घासासारखा घोळवला. सांगावं तर सासूच्या श्रद्धेवर घाव. न सांगावं तर प्लग पुसत जन्म काढायचा. आणि आतून एक गोष्ट तिला गुदगुल्याही करत होती. सांगितलं तर कदाचित दार उघडेल.

संध्याकाळी तिनं परातीतलं ते पांढरं ऑइल रंगूबाईंसमोर ठेवलं.

"आत्या, हे गाडीच्या पोटातनं निघालं."

रंगूबाईंनी बोट बुडवून बघितलं. संयोगितानं सगळं सांगितलं. भाकरीच्या डब्यावरून सांगितलं, म्हणजे लगेच कळावं. आणि बोलता बोलता सूरजनं सांगितलेल्यात तिनं स्वतःचं थोडं घातलंही. "रोज पळवायला लागंल. सपाटीला न्हाई जमत, चढाचा रस्ता पायजे. घाटाचा." हे कोणी सांगितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं.

रंगूबाईंनी परात जवळ ओढली.

"म्हंजे मीच गं," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी. माझ्याच हातानं मी त्येला..."

त्यांना गाडी म्हणायचं होतं की पोरगं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. संयोगिताला स्वतःची लाज वाटली. ती त्यांना धरून बसली. इतकी वर्षं ती समजत होती की ह्या घरात आपण एकटीच अडकलोय. ही म्हातारी तिच्याआधीपासून त्याच शेडमध्ये अडकलेली होती, आणि तिला तर बाहेर पडायचा घाटही माहीत नव्हता.

तेवढ्यात ओसरीवरून लालासाहेबांचा आवाज आला. "पाटणला घाटच घाट हायत."

दोघींनी मान वळवली. पेपर तोंडासमोरच होता. पण सरळ होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगूबाई शेडमध्ये आल्या, चादर स्वतः काढली, घडी करून काखेत घेतली आणि म्हणाल्या, "घेऊन जा तिला. तिकडं पळव. रोज चालू झाली की तेवढा फोन कर." नवं ऑइल, नवा प्लग संयोगितानंच घातला. गाडी ढकलून डबल स्टँडवरून खाली उतरवली तेव्हा मागचं चाक जमिनीला लागल्याचा धप्प असा आवाज झाला. रंगूबाईंनी नारळ फोडला. माधवनगरला भावाची गाडी चोरून चालवलेली, ती विद्या इथं कामाला आली.

वाठार, सातारा, उंब्रज करत ती निघाली. पहिले काही मैल सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाण्याच्या चिळकांड्या उडत होत्या, मग धूर विरळ झाला, मग गेला. इंजिनाचा आवाज बदलला, मोकळा, गोल झाला. साताऱ्याच्या पुढं हायवेला लागल्यावर तिनं मूठ पिळली आणि हेल्मेटच्या आत मोठ्यानं काहीतरी गायला लागली. कोणाला ऐकू जाणार होतं? आपण सुटलो, असं तिला वाटत होतं, आणि ते वाटणं खोटं नव्हतं.

उपकेंद्राचं गाव डोंगराच्या पायथ्याला आणि वाड्या वर. रोज सकाळी ती किक मारायची, फोन करायची, रंगूबाई "बरं" म्हणायच्या आणि दिवस सुरू व्हायचा. लशींचा डबा मागं बांधून ती घाटातनं वाड्यांवर फिरायची. बायका तिला सिस्टर म्हणायच्या, ताक द्यायच्या, पोरांची नावं सुचवा म्हणायच्या. रविवारी ती माधवनगरला जाऊन एक रात्र राहूनही आली. भाऊ तरी फुगलेलाच होता, पण ती राहिली. गाडी एकदाही अडली नाही. सासूच्या फोनला ती आता थोडी हसायची, आपल्याला सगळं कळलंय अशा माणसाचं हसू. वाफ, पाणी, काजळी. त्यात नवऱ्याच्या जिवाचा काय संबंध?

मग श्रावणातल्या एका सकाळी, वरच्या वाडीवर लसीकरण होतं. घाटात ढग उतरलेले, चार हातांपलीकडचं दिसत नव्हतं. अर्ध्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली.

ती उतरली. घाबरायचं काहीच कारण नव्हतं. ढगाची ओल प्लगच्या टोपीत गेली असणार, पुसली की झालं. तिनं टोपी काढली, ओढणीनं पुसली, बसवली, किक मारली. नाही. परत काढली, प्लग काढला, पुसला, बसवला. नाही. मोबाईल बघितला, रेंज नाही. यशराजचा फोन चार दिवस आला नव्हता. एरवी चार दिवस म्हणजे काहीच नाही, रोजचंच. पण आता ते चार दिवस तिच्या छातीवर येऊन बसले. ती वेड्यासारख्या किका मारायला लागली. ओल आहे, नुसती ओल आहे, असं ती स्वतःला समजावत होती, आणि पाय काही ऐकत नव्हता.

खालून जीप आली. चालवणारा मानसिंग, त्याच वाडीचा, रोज दूध घेऊन वरखाली करणारा. त्यानं ब्रेक लावला. "सिस्टर, बसा की. बाया पोरं घेऊन थांबल्यात वर. गाडी राहू द्या हितं, कोण नेतंय तिला?"

"तुमी व्हा फुडं."

"आवं, लशी खराब व्हतील. बसा."

"गाडी चालू झाल्याबिगर मी हलणार न्हाई," ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखू आला नाही.

मानसिंग खाली उतरला. "व्हा बाजूला, मी मारतो."

"हात लावू नका तिला."

तो थबकला. ह्या बाईला काय झालंय, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट होतं. "येवढं काय हाय गाडीत, सिस्टर?"

संयोगितानं सांगायला तोंड उघडलं. वाफेचं, काजळीचं, टोपीतल्या ओलीचं, हे सगळं तिला येत होतं. तिच्या तोंडून निघालं ते एवढंच. "मालक बॉर्डरवर हायत माझं."

मानसिंग जीपकडं गेला, आत हात घालून त्यानं जीपचं इंजिन बंद केलं, म्हणजे तिचं चालू झालं तर ऐकू यावं, आणि रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहिला.

"मारा," तो म्हणाला. "मी थांबतो."

तिनं टोपी परत एकदा काढून तोंडानं फुंकली, पोटाशी धरून ऊब दिली, बसवली. किक मारली. मारत राहिली. किती वेळ, ते तिनं नंतर आठवायचा प्रयत्न केला तरी तिला आठवेना. एकदाची गाडी धरली. तिला रडू आलं, ते तिनं पुसलं नाही. मानसिंगनं मान हलवली आणि जीप पुढं काढली.

वाडीच्या देवळापाशी बाया पोरं घेऊन थांबल्या होत्या. तिनं गाडी लावली, लशींचा डबा सोडला, आणि सवयीनं चावीला हात घातला. हात तिथंच राहिला. उभ्या गाडीचं इंजिन असं नुसतं चालू ठेवलं की त्याचं काय होतं, हे त्या सगळ्या डोंगरात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. बायांनी हाका मारल्या. एक पोर आधीच रडायला लागलं होतं. तिनं चावीवरचा हात काढून घेतला आणि ती देवळात गेली. शेवटच्या पोराला डोस देऊन होईपर्यंत गाडी बाहेर चालूच होती.